चाकातली हवा आणि पंक्चरवाल्याचा हुनर

समाजमाध्यमांवर मुस्लिमांशी वाद घालताना एक शब्द हमखास फेकला जातो, ‘पंक्चरवाला’. त्याला आपल्याकडून साधारण दोन प्रकारची उत्तरं जातात. काही जण शिवीला शिवीनेच उत्तर देतात. काही जण समाजातल्या डॉक्टरांची, शास्त्रज्ञांची, सनदी अधिकाऱ्यांची यादी पुढे करतात. दुसरं उत्तर सभ्य आहे, पण मला ते खटकतं. यादी देणारा माणूस नकळत समोरच्याचंच म्हणणं मान्य करतो, की पंक्चर काढणं हे हलकं काम आहे. ते खरंच तसं आहे का, हे कुणी तपासत नाही.

तपासायचंच असेल तर या कामातला अवघड प्रकार घ्यावा. खिळा घुसून टायर बसला तर दोष डोळ्यांना दिसतो. पण जुन्या मोटारीच्या चाकातली हवा चार-पाच दिवसांत थोडी थोडी उतरत असेल, बाहेरून खिळा नाही, काच नाही, तर ती नेमकी कुठून जाते हे शोधणं हे निदानाचं काम आहे. ते समजून घेण्यासाठी आधी हवेच्या चाकाची गोष्ट पाहावी लागते.

हवा कोंडण्याची धडपड

हवा भरलेल्या चाकाची कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. स्कॉटलंडच्या रॉबर्ट विल्यम थॉमसन यांनी १८४५मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्यांचं चाक घोडागाडीसाठी होतं. आत रबर लावलेल्या कापडाची नळी आणि बाहेर चामड्याचं आवरण. चाक चाललं, पण खर्चिक असल्यामुळे मागे पडलं आणि लोक ते विसरले.

त्याआधी सहा वर्षं, १८३९मध्ये, अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गंधक मिसळून तापवलेलं रबर उन्हात चिकट होत नाही आणि थंडीत तडकत नाही, याचा शोध लागला होता. यालाच आपण व्हल्कनायझेशन म्हणतो. गुडइयर १८६०मध्ये कर्जबाजारी अवस्थेत वारले. त्यांच्या नावाची टायर कंपनी पुढे इतरांनी काढली.

बेलफास्टला राहणारे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी हवेचा टायर बनवला आणि १८८८मध्ये त्याचं पेटंट घेतलं. थॉमसन यांचं जुनं पेटंट उजेडात आल्यावर डनलॉप यांचं पेटंट टिकलं नाही, मात्र टायर टिकला. त्यात एक मोठी अडचण होती. तो चाकाला चिकटवलेला असे. पंक्चर झालं की टायर सोलून काढायचा, दुरुस्त करायचा, पुन्हा चिकटवायचा आणि सुकण्याची वाट पाहायची.

फ्रान्समधल्या मिशलँ बंधूंनी १८९१मध्ये चाकावरून सहज काढता येईल असा सायकलचा टायर आणला. त्याच वर्षी पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही लांब पल्ल्याची सायकल शर्यत शार्ल तेराँ यांनी याच टायरवर जिंकली. १८९५मध्ये या बंधूंनी पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरची मोटार उतरवली. वाटेत ती पंक्चरने बेजार झाली, पण मोटार हवेवर धावू शकते हे जगाला दिसलं.

या इतिहासातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. हवेचा टायर तयार झाला तेव्हा तो जगभर पसरला नाही. तो दुरुस्त करता येऊ लागला तेव्हा पसरला. शोध लावणाऱ्याइतकाच दुरुस्त करणाराही पहिल्या दिवसापासून या यंत्राचा भाग आहे.

पुढच्या सुधारणाही गळतीशीच झुंजत होत्या. न्यूयॉर्कच्या श्रेडर यांच्या व्हॉल्व्हचं पेटंट १८९३चं. आजही मोटारीत हवा भरताना आपण त्याच जातीच्या व्हॉल्व्हला नळी लावतो. नैसर्गिक रबराच्या ट्यूबमधून भोक नसतानाही हवा झिरपत असे. १९३७मध्ये अमेरिकेत ब्युटाइल रबर तयार झालं. ते हवा कितीतरी जास्त काळ धरून ठेवतं, म्हणून ट्यूब त्याच्या होऊ लागल्या. १९४७मध्ये गुडरिच कंपनीने ट्यूबलेस टायर जाहीर केला आणि १९५५पर्यंत अमेरिकेतल्या नव्या मोटारींना तो सर्रास बसू लागला.

जुन्या चाकातली हवा कुठून जाते?

ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवण्याचं काम रिमलाही करावं लागतं. टायरची कड रिमला घट्ट बसली तरच हवा टिकते. जुन्या मोटारींची चाकं या कामासाठी बनलेलीच नव्हती. तारांच्या चाकात प्रत्येक तारेसाठी रिमला भोक असतं. काही जुन्या लोखंडी चाकांत रिम आणि मधली तबकडी रिव्हेटने जोडलेली असते, तिथूनही हवा निसटते. नव्या रिमवर टायरची कड सरकू नये म्हणून आतून उंचवटा असतो, तोही जुन्या रिमवर नसतो. हवा कमी असताना जोरात वळण घेतलं तर कड सुटू शकते. म्हणून नव्या टायरच्या मोहात ट्यूब काढून टाकणारा मालक स्वतःच गळतीला आमंत्रण देतो. अशा चाकाला योग्य मापाची ट्यूबच हवी.

ट्यूब असूनही हवा उतरत असेल तर जाणकार आधी चाक खोलत नाही. टोपण काढून व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचं पाणी लावतो. बुडबुडा फुगला तर दोष आतल्या पिनेत आहे. ती घट्ट करायची किंवा बदलायची, काम पाच मिनिटांत संपतं. बुडबुडा नसेल तर ट्यूब बाहेर काढायची, हवा भरून पाण्यात बुडवायची आणि इंच इंच फिरवायची. व्हॉल्व्ह ट्यूबला जिथे जोडलेला असतो तो सांधा हलवून पाहायचा, कारण काही वेळा तो वाकवल्यावरच हवा सोडतो.

भोक सापडलं की खरी परीक्षा सुरू होते. ते का पडलं? शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर टायर चढवताना टामीखाली ट्यूब चिमटली असणार, किंवा हवा कमी असताना चाक खड्ड्यात आपटलं असणार. भोक रिमच्या बाजूला असेल तर तारेचं टोक वर आलेलं असेल किंवा गंजाचे पापुद्रे ट्यूबला घासत असतील. मग टोकं कानशीने सपाट करावी लागतात, गंज घासून रंग द्यावा लागतो आणि रिमवर रबरी पट्टा नीट बसवावा लागतो. भोक टायरच्या बाजूला असेल तर टायरच्या आतून हात फिरवून काटा किंवा तार शोधायची. कधी कारखान्याने आत चिकटवलेला कागदच ट्यूब घासत असतो. हे न करता नुसता पॅच मारला तर आठवड्याभरात गाडी परत येते.

पॅच मारण्यातही घाई चालत नाही. ट्यूब घासून खरखरीत करायची, सोल्यूशन पातळ लावायचं, ते बोटाला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं आणि मगच पॅच दाबायचा. टायरमध्ये शंखजिऱ्याची पावडर भुरभुरायची. थोडी हवा भरून सोडायची आणि पुन्हा भरायची, म्हणजे ट्यूबला आत घडी राहत नाही. यातल्या प्रत्येक पायरीमागे कारण आहे. गुडइयर यांचं रसायन, श्रेडर यांचा व्हॉल्व्ह आणि रिमची घडण या तिन्हींची समज त्या बोटांत असते. तिचं प्रमाणपत्र मात्र नसतं.

कुर्ल्याची गाडी, रस्त्याकडेचा उस्ताद

सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडली. भांडुपला १९५८मध्ये सिएटचा टायर कारखाना उभा राहिला. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी कित्येक दशकं ट्यूबच्या टायरवर दिवसरात्र धावली. ती धावती ठेवणारे मेकॅनिक, डेंटर, पंक्चरवाले रस्त्याच्या कडेला बसत. त्यांत मुसलमान होते, उत्तर भारतातले हिंदू होते, महामार्गांवर केरळचे टायरवाले तर आजही दिसतात. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३च्या ऑक्टोबरमध्ये झाली होती. वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३मध्ये ती मुंबईच्या रस्त्यावरून गेली. आता पद्मिनी शौकिनांच्या घरी सांभाळली जाते आणि तिच्या चाकासाठी ट्यूबचं काम जाणणारा जुना हात लागतो.

या धंद्यात मुसलमान जास्त का दिसतात, याचं उत्तर सच्चर समितीच्या २००६च्या अहवालात मिळतं. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुस्लिमांचं प्रमाण कमी आणि स्वयंरोजगारात जास्त आहे, हे समितीने आकडेवारीसह मांडलं. ज्या उद्योगांत त्यांचा वाटा विशेष दिसतो, त्यांत वाहनदुरुस्तीही आहे. कमी भांडवल, कुणाच्या शिफारशीची गरज नाही, उस्तादाच्या हाताखाली दोन-तीन वर्षं काढली की पोट भरतं. दार बंद असलेल्या माणसाने निवडलेली ही वाट आहे. ज्यांनी दार बंद ठेवलं त्यांनीच तिला हसावं, हे विचित्र आहे.

हिणवणं बाहेरचं आणि घरातलं

हाताच्या कामाला कमी लेखण्याची रीत या देशात जातीइतकी जुनी आहे. पण दोष फक्त बाहेरच्यांना देऊन भागणार नाही. अश्राफ-अजलाफचा भेद आपल्यातही आहे. पिंजारी, बागवान, अत्तार, कसाई यांच्याकडे सोयरीक जुळवताना खानदानी म्हणवणारी घरं कशी पाहतात, हे महाराष्ट्रातल्या मुस्लिम ओबीसी चळवळीने अनेकदा बोलून दाखवलं आहे. डॉक्टरांची यादी पुढे करणाऱ्या आपल्या मनातही तीच उतरंड असते.

इब्न खल्दून यांनी चौदाव्या शतकात ‘मुकद्दिमा’मध्ये हुनरावर सविस्तर लिहिलं. हुनर हा हात आणि बुद्धी दोन्हींचा असतो, तो सरावाने अंगी मुरतो आणि ऐकून शिकण्यापेक्षा उस्तादाला करताना पाहून जास्त पक्का होतो, असं त्यांचं म्हणणं आहे. कारागिरी कुठे फुलते यावरून ते शहराची प्रगती जोखतात. दाऊद अलैहिस्सलाम यांच्या हातांनी लोखंडाची चिलखतं बनवल्याचा उल्लेख तर कुरआनातच आहे. या परंपरेत वाढलेल्या समाजाला पानाटामीची लाज वाटायचं कारण नाही.

याचा अर्थ गरिबीचं कौतुक करावं असा नाही. बारा वर्षांचा मुलगा शाळा सोडून टायर खोलत बसला असेल तर ती अभिमानाची गोष्ट नव्हे, तो त्याच्यावर झालेला अन्याय आहे. त्या मुलाला शाळा मिळाली पाहिजे. आणि उद्या शिकून त्याने हाच धंदा निवडला, तर त्याला आयटीआयचं प्रशिक्षण, बँकेचं कर्ज आणि अतिक्रमण पथकाची भीती नसलेली जागाही मिळाली पाहिजे. या दोन मागण्या एकमेकींच्या विरोधात नाहीत.

म्हणून यापुढे कुणी ‘पंक्चरवाला’ म्हणालं तर मी यादी देणार नाही. चार दिवसांत उतरणारी हवा कुठून जाते ते शोधून दाखवा, एवढंच म्हणेन. शोधता येत नसेल, तर ज्याला येतं त्याच्याशी अदबीने बोलायला शिका.