बोट, पायरी आणि मत

मतदाराच्या डाव्या तर्जनीला शाई लावावी, असे १९६१ चे निवडणूक नियम सांगतात. तर्जनी नसेल तर त्याच हाताच्या दुसऱ्या बोटाला. त्या हाताला बोटेच नसतील तर उजव्या हाताच्या बोटाला. आणि दोन्ही हातांना एकही बोट नसेल तर हाताचे जे टोक उरले असेल त्याला. महाळुंग्यातल्या विद्यार्थ्यांना मी हा नियम वाचून दाखवतो तेव्हा कोणी हसत नाही. चाकण एमआयडीसीच्या या पट्ट्यात पॉवर प्रेसखाली बोटे गेलेला माणूस त्यांच्या घरात, नाहीतर शेजारच्या खोलीत असतो. माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. म्हणून असेल, पण या नियमापाशी मी दरवर्षी अडतो.

तुटलेले बोट कायद्याला १९६१ मध्येच दिसले. मतदान केंद्राची पायरी दिसायला मात्र २००४ साल उजाडावे लागले. असे का व्हावे? शाई ही राज्यसंस्थेची गरज होती, दुबार मतदान रोखण्यासाठी. पायरी अडत होती ती मतदाराला. जावेद अबिदी आणि त्यांच्या डिसेबल्ड राइट्स ग्रुपने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली, तेव्हा कुठे लाकडी का होईना, रॅम्प लावण्याचे आदेश निघाले.

(सरकारी कागद हल्ली 'दिव्यांग' म्हणतात. आपल्यालाही एकदा असेच देवाचे नाव बहाल झाले होते. त्या अनुभवाने शहाणा होऊन मी 'अपंग' असेच लिहितो.)

या नाकारलेपणाचे मूळ जुने आहे. वारशात वाटा कोणाला नाही, याची यादी मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे. जन्मांध, बहिरा, मुका, वेडा यांच्याच रांगेत तिथे 'पतित', म्हणजे जातीतून पडलेला माणूस, बसवलेला आहे. अस्पृश्याचा त्या यादीत उल्लेखही नाही. त्याच्या वाट्याचा प्रश्नच व्यवस्थेला पडला नव्हता. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला ते पुस्तक जळाले. १९२८ च्या एका कायद्याने हिंदू वारसाहक्कातली ही अपात्रता बरीचशी काढून टाकली. त्याच वर्षी बाबासाहेबांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. या तीन घटनांना मी ओढूनताणून एका दोरीत बांधत नाही. पण त्या काळी मताचा अधिकार सारा, मालमत्ता आणि शिक्षण यांवर ठरत होता, हे ध्यानात घ्या. ज्याला वाटा नाही त्याला मतही नाही, असाच त्याचा व्यवहारातला अर्थ होता. घटनेच्या ३२६ व्या कलमाने हा संबंध तोडला. आंधळा, पांगळा, भूमिहीन, सारे एकेका मताचे धनी झाले. न्यायालयाने मनोविकल ठरवलेला माणूस तेवढा बाहेर राहिला; तो प्रश्न अजून कोणी नीट हाताळलेला नाही.

मत मिळाले, पण ते गुप्त राहिले का? आंधळ्या मतदाराला सोबती नेता येतो. सोबत्याने गुप्ततेची हमी लिहून द्यायची आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सोबती व्हायचे नाही. नियम चांगला आहे. परंतु ज्याची भाकरी दुसऱ्याच्या हातात, त्याला सोबती कोण मिळणार हे गावात राहिलेल्याला सांगायला नको. गुप्त मतदान ही चैन नाही. दुबळ्याचे ते एकमेव संरक्षण आहे. २००९ च्या लोकसभा निवडणुकीत यंत्रांवर ब्रेल अंक आले, आणि आंधळ्या माणसाला स्वतःच्या बोटाने मत देता येऊ लागले. नंतर व्हीव्हीपॅट आले. त्यातली चिठ्ठी सात सेकंद दिसते. ज्याला दिसत नाही त्याने ती कशी पडताळायची?

२०११ च्या जनगणनेत देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के होते. अनुसूचित जातींत २.४५. हा फरक नशिबाचा नव्हे. कुपोषण, न मिळालेले औषध आणि अंगमेहनतीची जोखमीची कामे यांचा तो हिशेब आहे.

२०१६ च्या कायद्याने प्रत्येक मतदान केंद्र सुगम करण्याची जबाबदारी निवडणूक आयोगावर टाकली. २०२४ च्या लोकसभेला चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसाठी घरून मतदानाची सोय देशभर झाली. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत अर्ज भरायचा, मग पथक घरी येते. पण कोणत्या घरी? मराठवाड्यातून आलेला कंत्राटी कामगार महाळुंग्यात दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याचे नाव असते गावच्या यादीत. पाय गेल्यावर तो गावी जाऊ शकत नाही आणि पथक इथे येत नाही. नाव इकडे आणायचे तर राहत्या जागेचा पुरावा हवा. खोलीमालक भाडेकरार करून देत नाही, आणि हजेरीपटावरून नाव उडालेल्या माणसाला कंत्राटदार ओळखही दाखवत नाही.