मोजेपर्यंत थांबा!

ताडोबातली वैशाखी पौर्णिमेची गणती मुळात एका सोयीवर उभी आहे. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात जंगलातले नाले आटतात, पाणी उरतं ते मोजक्या पाणवठ्यांवर, आणि त्या रात्री दिव्याशिवाय दिसतं. पाणवठ्याकाठी मचाण, मचाणावर माणसं, हातात तक्ता. सगळ्या मचाणांवर एकाच वेळी बसायचं, कारण आज इथं मोजलेलं अस्वल उद्या दुसरीकडे मोजलं गेलं तर एकाची दोन होतात. बिबट्याला अर्थात हा हुकूम लागू नाही. तो एका रात्रीत दोन पाणवठे करतो आणि दोन तक्त्यांत चढतो. तिकडे गडचिरोलीत, भामरागडला, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम जिथं भेटतात तिथल्या जनावराला एका ठरावीक डबक्यावर येण्याची गरजच नाही. वनखातं या रात्रीला आता ‘निसर्गानुभव’ म्हणतं, ते नाव प्रामाणिक आहे.

हलत्या गोष्टींची मोजदाद करायची तर एक तर मोजून होईपर्यंत सगळ्यांना जागच्या जागी थांबवा, नाहीतर थोडंसंच मोजा आणि बाकीचा हिशेब बांधा. बँकेपासून रेल्वेच्या आरक्षणापर्यंत सगळीकडे राबणाऱ्या डेटाबेसलाही हाच पेच पडला, आणि तो नेमका कुठं पडला हे सांगता येतं: कॅलिफोर्नियात सॅन होजे इथल्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत.

तिथं 1970 साली एडगर कॉड यांनी एक निबंध लिहिला. त्याचा गाभा असा, की माहिती तक्त्यांत, म्हणजे टेबलांत ठेवावी आणि मागणाऱ्यानं फक्त काय हवं ते सांगावं. ते कुठल्या वाटेनं आणायचं हे यंत्रानं ठरवावं. विचार देखणा, पण वाट ठरवणं हे सगळं ओझं यंत्रावर आलं. समजा, वाघ-बिबट्यांनी मारलेल्या गुरांच्या नुकसानभरपाईचे दहा लाख अर्ज एका टेबलात आहेत आणि गावाच्या नावावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटच्या सूचीसारखी यादी, आहे. एका गावाचे अर्ज हवेत. त्या गावाचे वीस अर्ज असतील तर इंडेक्स धरून थेट त्या वीस ओळींवर जाणं शहाणपणाचं. तीन लाख असतील तर इंडेक्समधून पुन्हा पुन्हा टेबलाकडे हेलपाटे घालण्यापेक्षा अख्खं टेबल सलग वाचून काढणं स्वस्त पडतं. म्हणजे अर्ज शोधण्याआधीच ते साधारण किती आहेत हे ठाऊक हवं.

ही विद्या कागदावर मांडली पॅट्रिशिया सेलिंजर आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी, 1979 साली. त्यांच्या डेटाबेसचं नाव ‘सिस्टिम आर’. त्यांनी जपून ठेवलेले आकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते: टेबलात ओळी किती, त्या किती पानांवर पसरल्या आहेत, इंडेक्समध्ये वेगवेगळ्या किमती, म्हणजे आपल्या उदाहरणात गावं, किती, इंडेक्सची पानं किती. आकडा नसेलच तर चक्क ठोकताळा. ‘अमुक बरोबर तमुक’ अशी अट आली आणि इंडेक्स नसला, तर दहातली एक ओळ जुळेल असं धरा. ‘अमुकपेक्षा जास्त’ असेल आणि किंमत हिशेबात घेता येत नसेल, तर तीनातली एक. चौकशीला आलेल्या जुन्या तलाठ्यानंही असाच अंदाज सांगितला असता.

पण हे आकडे ताजे कसे ठेवायचे? सरळ उत्तर असं, की नवी ओळ आली की एक वाढवा, गेली की एक कमी करा. सेलिंजर यांच्या गटानं नेमकं हेच नाकारलं, आणि कारणही लिहून ठेवलं. त्याच प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि मंडळींनी काही वर्षं आधी लॉकचं शास्त्र बसवलं होतं: एका ओळीला कुलूप लावायचं की पानाला की सबंध टेबलाला, आणि कोणाचं कुलूप कोणाला अडवतं. रेमंड लोरी तर सेलिंजर आणि ग्रे या दोघांच्याही निबंधांच्या लेखकांत आहेत. त्यामुळे सेलिंजर यांच्या गटाला दिसत होतं की एकूण ओळींचा आकडा एकाच जागी, यंत्राच्या सूचीत लिहिलेला असतो. प्रत्येक बदलाबरोबर तो सुधारायचा म्हटलं तर टेबलात लिहिणारा प्रत्येकजण त्या एका आकड्याच्या कुलपापाशी रांगेत उभा राहणार. शंभर माणसं शंभर वेगळ्या ओळी लिहीत असली तरी काम एकामागून एकच होणार. म्हणून त्यांनी वेगळी आज्ञा ठेवली, ‘अपडेट स्टॅटिस्टिक्स’, अधूनमधून द्यायची. मधल्या काळात आकडे शिळे राहतील, राहू देत. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत धीट निर्णय वाटतो. संगणकाकडून आपण काटेकोरपणाची अपेक्षा करतो, आणि इथं त्याच्या कर्त्यांनी शिळा आकडा जाणूनबुजून पत्करला होता.

काटेकोर आकड्याचा हट्ट सोडायला जंगलाला जास्त वेळ लागला. ओडिशाचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी 1966च्या सुमारास वाघाच्या पावलांचे ठसे काचेवर उतरवून घेण्याची पद्धत बसवली. मागच्या डाव्या पंजाचा ठसा मुख्य. 1972 साली देशभर वाघ मोजले गेले तेव्हा आकडा आला 1,827. ठरलेल्या दिवसांत सगळे वनरक्षक आपापल्या बीटात एकदम बाहेर पडत, ठसा दिसला की काच ठेवून रेषा ओढत. दावा असा, की एकूण एक वाघ मोजला. 2005 साली राजस्थानातल्या सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, कागदावर मात्र वाघ होते. तेव्हा तो दावाच निकालात निघाला.

2006च्या गणनेपासून कॅमेरा आला. ताडोबासारख्या प्रकल्पात दर दोन चौरस किलोमीटरला पायवाटेच्या दोन बाजूंना समोरासमोर एकेक, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. गणित सुरू होतं ते नंतर. दुसऱ्या फेरीत टिपलेले बहुतेक वाघ आधीच ओळखीचे निघाले, तर न टिपलेले थोडेच उरले असणार. नवे चेहरे येतच राहिले, तर बरेच बाकी आहेत. 2022च्या गणनेत देशात किमान 3,167 आणि सरासरी 3,682 असे दोन आकडे जाहीर झाले ते या हिशेबामुळे. त्यासाठी वाघाला थांबवावं लागलं नाही.

डेटाबेसही नमुन्याकडे वळले, आणि त्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर भारतीय नावांनी दिलं. नमुना केवढा घ्यावा म्हणजे पुरे, हे सुरजित चौधरी, राजीव मोटवानी आणि विवेक नरसय्या यांनी 1998 साली गणितानं दाखवलं. टेबल कितीही वाढलं तरी नमुना त्या मानानं वाढवावा लागत नाही. पोस्टग्रेस हा डेटाबेस त्यांचाच आधार घेऊन एरवी 30,000 ओळी उचलतो, मग टेबल दहा लाखांचं असो की दहा कोटींचं. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसचं इनोडीबी हे साठवणीचं यंत्र तर त्याहून काटकसरी आहे. ते प्रत्येक इंडेक्सची वीस पानं चाळतं.

आमच्या अर्जांच्या टेबलात खरी गंमत इथंच आहे. सिस्टिम आर धरून चालायचा की अर्ज सगळ्या गावांत सारखे वाटलेले आहेत. हजार गावं, तर प्रत्येकाच्या वाट्याला हजारावा हिस्सा. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या कुणाही गुराख्याला विचारा, तो हसेल. वाघाचा वावर जिथं, अर्ज तिथं. म्हणून पुढं सर्वांत जास्त वेळा येणाऱ्या किमतींची वेगळी यादी आणि बाकीच्यांचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या टप्प्यात किती याचा तक्ता, ठेवणं आलं. नमुन्यातून हे बऱ्यापैकी उमगतं. फसतं ते ‘वेगवेगळी गावं किती’ या प्रश्नावर, कारण ज्या गावाचा एकच अर्ज आहे ते नमुन्यात बहुतेक येतच नाही.

कुलूपही लहान होत गेलं, पण सहजासहजी नाही. पोस्टग्रेसमध्ये मोजणीची जोडी साफसफाईच्या ‘व्हॅक्यूम’शी होती, आणि ते चालू असताना टेबल बंद. 2002च्या 7.2 या आवृत्तीत ते बंद ठेवणं संपलं आणि ‘ॲनलाइझ’ स्वतंत्र आज्ञा झाली. आज तिचं कुलूप वाचणाऱ्याला अडवत नाही, लिहिणाऱ्याला अडवत नाही. अडवतं ते दुसऱ्या मोजणाऱ्याला आणि टेबलाची रचना बदलू पाहणाऱ्याला. मायएसक्यूएलमध्ये मात्र बरीच वर्षं एक खोच होती. मोजणी स्वतः क्षणात उरकायची, पण जाताना टेबलाची उघडलेली प्रत रद्द करून जायची. एखादी तासभर चालणारी क्वेरी, म्हणजे माहितीची मागणी, जुनी प्रत धरून बसलेली असली, की नंतर येणाऱ्या प्रत्येकाला ती सोडेपर्यंत ताटकळावं लागे. मोजणारा केव्हाच घरी गेलेला, आणि रांग त्याच्या नावानं.

आता बहुतेक वेळा माणूस आज्ञा देतच नाही. पोस्टग्रेसमध्ये सुमारे एक दशांश ओळी बदलल्या की मोजणी आपोआप सुरू होते. ती चालू असताना कोणाला टेबलाची रचना बदलायची असेल आणि मोजणीमुळे तो खोळंबला, तर यंत्र मोजणीच अर्धवट सोडून देतं. त्यामुळे ज्या टेबलाच्या रचनेशी दिवसभर कोणी ना कोणी खेळत असतं, त्याची मोजणी कधी पुरीच होत नाही, आकडे महिनोन्‌महिने जुने राहतात आणि क्वेऱ्या वेड्यावाकड्या वाटांनी जाऊ लागतात. मग कोणीतरी वैतागून हातानं ‘ॲनलाइझ’ टाइप करतो. हातानं दिलेली मोजणी कोणासाठी सोडली जात नाही.