वंशावळ आणि परंपरा

आपले मूळ गाव कोणते, मूळपुरुष कोण, कुलदैवत कोणते, याचा शोध घेणारी मंडळी हल्ली पुष्कळ भेटतात. कोणाला जातीच्या दाखल्यासाठी पुरावा हवा असतो, तर कोणाला नुसतीच ओढ असते. मग जाणकाराला बिदागी देऊन वंशावळ काढून घेतली जाते.

हा व्यवहार जुनाच आहे. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, बेळगाव या भागांत हेळवी तो पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. सुगी झाली की हेळवी नंदी घेऊन गावात येई. ठरलेल्या घरांच्या अंगणात बसून मूळपुरुषापासूनची नावे सांगे, नव्या जन्मलेल्यांची नोंद घेई आणि धान्य, कापड, भांडे घेऊन पुढच्या गावी जाई. घराणी वाटून घेतलेली असत. बापाची वही मुलाकडे जाई.

दुसरा वहीदार म्हणजे तीर्थोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया येथे यात्रेकरू आपल्या उपाध्यायांच्या वहीत आपले नाव, गाव आणि वाडवडिलांची नावे लिहून देत. जुने लेख बहुधा मोडीत आहेत. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्याय नेमके पान काढतात आणि पणजोबाची सही समोर येते. ती पाहून डोळे भरून येतात, यात नवल नाही.

मात्र बिदागी देणाऱ्याने डोळे उघडेही ठेवावेत. नाव कोणत्या वहीत, कोणत्या सालच्या पानावर आहे हे विचारावे आणि नक्कल घ्यावी. गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीशी, म्हणजे कोतवाल बुकाशी, ती ताडून पाहावी. मध्ये दुवा तुटला असेल तर तो तुटलेलाच ठेवावा. पैसे घेऊन राजघराण्याशी नाते जोडून देणाराही कोणी भेटतो. ते नाते घेऊन आपण काय करणार?

कुळाने काय होते, हे आपल्या संप्रदायाने फार जवळून पाहिले आहे. संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई यांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. त्याच ज्ञानदेवांनी शके १२१२ मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी पूर्ण केली, तेव्हा अठराव्या अध्यायाच्या शेवटी आपली वंशावळ दिली. ती आहे आदिनाथ शंकर, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी आणि निवृत्ती अशी. शेवटी माउली स्वतःला महेशाच्या अन्वयात जन्मलेले, निवृत्तिनाथांचे सुत म्हणवतात. निवृत्तिनाथ खरे तर थोरले बंधू. ‘अन्वय’ आणि ‘सुत’ हे शब्द वंशावळीचेच आहेत. माउलींनी त्यांत रक्ताऐवजी कृपा ठेवली.

जनाबाई नामदेवांच्या घरी दासी होत्या. त्यांनी आपल्या अभंगांत स्वतःला नामयाची दासी म्हणवले आणि त्या नावानेच त्या आजही घरोघरी आहेत. बहिणाबाईंनीही आदिनाथांपासून तुकोबांपर्यंतची गुरुपरंपरा सांगितली. जुन्या वह्यांत बहुतेक पुरुषांचीच नावे सापडतात. या परंपरेत बाईने स्वतःचे नाव स्वतः लिहिले.

म्हणून वंशावळ काढू नये असे नाही. पूर्वजांची आठवण ठेवणे हे ऋणच आहे. जरूर काढावी, खरी काढावी. आजीचे, पणजीचे नाव माहेरच्या गावासह लिहावे. लग्न होऊन गेलेल्या लेकींची नावे लिहावीत. आणि शेवटी एक पान वेगळे ठेवावे. घरात पहिली माळ कोणी घातली, कोणाकडून घातली, ते कोणत्या फडाचे, कोणत्या दिंडीतून चालले, हे त्यावर लिहावे. वारकरी वारकऱ्याला भेटला की कूळ न विचारता आधी पाया पडतो. हे पान हेळव्याच्या वहीत मिळणार नाही. घरात कोणी म्हातारे माणूस अजून सांगू शकत असेल, तर ते येत्या एकादशीच्या आत लिहून घ्यावे.

रामकृष्ण हरी.