आवाज गेलेला प्राध्यापक

आजची गोष्ट मी का निवडली, ते आधी सांगतो. मध्यंतरी दोन महिने आपला एकही एपिसोड आला नाही, आठवतंय? तब्येत ठीक होती, माइकही ठीक होता. पण रेकॉर्डिंगला बसलो की पहिला विचार यायचा, ‘हा किती जण ऐकतील?’ आणि पुढे शब्दच फुटायचा नाही. त्या दिवसांत मी अबू हामिद अल-गझालींचं आत्मकथन वाचलं आणि चपापलोच. नऊशे वर्षांपूर्वी या माणसाचंही असंच काहीसं झालं होतं. फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

तर चला बगदादला. साल १०९५. अब्बासी खलिफांची राजधानी, पण खरी सत्ता सेल्जुक सुलतानांची. सेल्जुकांचा वजीर निजाम-उल-मुल्क याने इथे निजामिया नावाचा मदरसा उभारला होता. मदरसा म्हटल्यावर छोटी शाळा डोळ्यांसमोर आणू नका. त्या काळातलं ते नामांकित विद्यापीठच होतं. १०९१मध्ये तिथली मुख्य गादी गझालींना मिळाली. वय जेमतेम तेहतीस. इराणमधल्या तूस गावचा, लहानपणीच वडील गेलेला हा मुलगा आता तीनशे विद्यार्थ्यांना शिकवत होता. कायदा, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, सगळ्यात हुकमत. वादात समोरचा टिकायचाच नाही.

आजच्या भाषेत सांगायचं तर माणूस ‘सेट’ होता.

पण आतून काहीतरी सलत होतं. तरुणपणी त्यांना एक विचित्र शंका छळून गेली होती. डोळ्यांना दिसतं ते खरं कशावरून? आणि बुद्धीला पटतं ते तरी खरं कशावरून? त्यातून ते सावरले होते. आता प्रश्न वेगळा होता आणि जास्त बोचरा होता. सूफींचे ग्रंथ वाचताना त्यांच्या लक्षात आलं, की हे ज्ञान पाठ करून मिळणारं नाही. तब्येत कशाने सुधारते हे माहीत असणं वेगळं आणि स्वतः धडधाकट असणं वेगळं! मग त्यांनी स्वतःलाच विचारलं, मी शिकवतो ते कोणासाठी? देवासाठी की नावासाठी? उत्तर आलं, नावासाठी.

इथे कोणाला वाटेल, उत्तर मिळालं, मग सोडून द्यायचं की! पण तसं होत नाही ना. जवळजवळ सहा महिने ते हो-नाही करत राहिले. सकाळी ठरवायचं, निघायचं. संध्याकाळी मन म्हणायचं, एवढं पद, एवढा मान, पुन्हा मिळेल का? शेवटी निर्णय शरीरानेच घेतला. वाचा बंद झाली. विद्यार्थ्यांना वाईट वाटू नये म्हणून ते शिकवायला बसायचे, पण जीभ हलायची नाही. अन्न गिळवेना. हकिमांनी हात टेकले. दुखणं काळजातलं आहे, म्हणाले, तिथून उतरेल तेव्हाच उतरेल.

मग त्यांनी हजला जातो असं सांगून बगदाद सोडलं. मनात मात्र सीरियाला जायचं होतं. मुलाबाळांपुरतं ठेवून बाकीची संपत्ती वाटून टाकली. लोकांनी तर्क लढवले. वजिराचा १०९२मध्ये खून झाला होता, त्यामुळे यामागे राजकारण असेल असं म्हणणारे आजही आहेत. असेलही. माणूस एकाच कारणाने घर सोडतो असं थोडंच असतं?

दमास्कसमध्ये ते उमय्यद मशिदीच्या मिनारावर चढायचे, दार आतून लावून घ्यायचे आणि दिवसभर एकटे बसायचे. पुढे जेरुसलेम, मग मक्का-मदिना. या काळात काय केलं? मुख्यतः तीन गोष्टी. पहिली खल्वत, म्हणजे एकांत. दुसरी जिक्र, म्हणजे देवाचं नामस्मरण. आधी जिभेने नाव घ्यायचं, मग जीभ थांबली तरी आत ते चालू राहील इथपर्यंत जायचं. तिसरी मुहासबा, म्हणजे स्वतःचा हिशोब. ही मला सगळ्यात आवडली. गझाली म्हणतात, आपलं मन हा धंद्यातला भागीदार समजा. सकाळी त्याच्याशी करार करा, दिवसभर लक्ष ठेवा, रात्री वही उघडा. भागीदाराला आपण पैशाचा हिशोब विचारतोच की, मग आयुष्याचा का नाही?

याच वर्षांतून त्यांचा ‘इह्या उलूम अद-दीन’ हा चाळीस भागांचा ग्रंथ आला. त्यात नमाज, उपवास आहेत, तसंच जेवण, लग्न, व्यापार, राग, मत्सरही आहे. म्हणजे साधना फक्त मिनारावरची नाही, ताटावरची आणि बाजारातलीही.

मग शांती मिळाली का? इथे गझालींचा प्रामाणिकपणा बघा. ते स्वतःच सांगतात, की मुलांच्या ओढीने त्यांना परतावं लागलं. संसाराच्या, पोटापाण्याच्या काळज्या एकांत मोडायच्या आणि ती निर्मळ अवस्था अधूनमधूनच लाभायची. पण त्यांनी आशा सोडली नाही. मन उडालं की पुन्हा बसायचं, एवढंच. अशी साधारण अकरा वर्षं गेली.

आणि ११०६मध्ये ते पुन्हा शिकवायला लागले, निशापूरच्या निजामियात! हरले का मग? त्यांचं म्हणणं असं, की तेव्हा मी मान मिळवून देणारं ज्ञान शिकवत होतो, आता मान सोडायला लावणारं शिकवतो. बाहेरून काम तेच होतं. पुढे ते तूसला परतले, घराशेजारी विद्यार्थी आणि सूफी यांच्यासाठी जागा केली आणि ११११मध्ये तिथेच वारले.

मी काही मिनारावर चढलो नाही. रात्री फोन दुसऱ्या खोलीत ठेवून दहा मिनिटं वही उघडतो, एवढंच. परवा त्यात लिहिलं होतं, ‘आज तीनदा आकडे बघितले.’ काल लिहिलं, ‘दोनदा.’

हिशोब चालू आहे, मंडळी. भेटूया पुढच्या एपिसोडला.