ओक्लाहोमाचे जोड, बालाघाटचे कोयते

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धान्याची पोती, भांडी, सरपण, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर लेकरं.

जॉन स्टाइनबेकची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’ (१९३९) वाचताना बीडच्या माणसाला हीच ट्रॉली दिसते. दुष्काळ, धुळीची वादळं आणि बँकेचं कर्ज यांनी ओक्लाहोमातलं जोड कुटुंब जमिनीवरून उठतं. कॅलिफोर्नियात मजूर हवेत म्हणून पत्रकं वाटलेली असतात. हवेत त्याच्या कितीतरी पट माणसं येऊन धडकतात आणि मजुरी कोसळते. भाव टिकावा म्हणून संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल ओततात, शेजारी लेकरं उपाशी. तिथल्या बागायतदारांना हे चित्रण झोंबलं. कर्न परगण्यानं त्याच वर्षी वाचनालयांत पुस्तकावर बंदी घातली. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं.

बीडला पत्रक येत नाही, ऊसतोडीचा मुकादम येतो. १९५० मध्ये प्रवरानगरला सहकारी कारखाना उभा राहिला, मग साखरपट्टा पसरत गेला. ऊस तोडायला हात हवे होते. १९७२ च्या दुष्काळानं बीडमधून ते आणखी लोटले. व्यवहार उचलीवर, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस अर्धा. दिवस बुडाला तर खाडा, त्याचे पैसे कापले जातात. हंगामअखेर उचल फिटली नाही, तर बाकी पुढच्या सालावर. जोड मंडळी एकदाच निघाली होती. इथं आजोबांची वाट नातू तुडवतो.

आणि माजलगाव धरणाखाली याच जिल्ह्यात ऊस डोलतो.

पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही. २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. कादंबरीतल्या जोडांना माणसासारखं जगता येतं ते सरकारी छावणीत: नळ, संडास, कपडे धुवायची सोय. अशी खरी छावणी स्टाइनबेकनं अर्विनला पाहिली होती. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, बाईला आंघोळीसाठी आडोसाही स्वतःच उभा करावा लागतो.

जोडांचा आजा घर सोडायला तयार नव्हता. कॉफीतून गुंगीचं औषध देऊन त्याला गाडीत घातलं; पहिल्याच मुक्कामाला तो गेला. बीडमध्ये म्हातारी माणसं मागं राहतात. शाळेतल्या नातवंडांसाठी आजी रोज भाकरी थापते, आणि रात्री फडावरून फोन आला की तो आधी लेकरांच्या हातात देते.