पाच टनांचं गणित

धाराशिवहून लातूरकडची गाडी धरायची, येडशी, कळंब रोड मागे टाकून ढोकीला उतरायचं, तेर पाहायचं आणि दिवस मावळायच्या आत घरी. आमच्या जिल्ह्यात ही सहल आज सहज होते. पण ढोकीपर्यंत रूळ आले ते कुणाच्या सहलीसाठी नव्हे, कापसासाठी आले. आणि त्यांचं मूळ बार्शीत आहे.

बार्शी ही बालाघाटाच्या पायथ्याची बाजारपेठ. ‘बार्शी तिथे सरशी’ उगाच म्हणत नाहीत. वरच्या मुलखातला कापूस नि गळिताचा माल बैलगाड्यांनी इथे उतरायचा. मुंबईचा मोठा लोहमार्ग मात्र सुमारे ३५ किलोमीटरवर, कुर्डुवाडीला. हे अंतर रुळांनी जोडायचं एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने मनावर घेतलं. आधी तो याच मोठ्या मार्गाच्या जीआयपी रेल्वे कंपनीत नोकरीला होता. १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी उभी राहिली.

अरुंद रुळांच्या गाड्या तेव्हाही होत्या. कॅलथ्रॉपचं वेगळेपण वजनाच्या हिशेबात होतं. एकटं इंजिन जड असलं, तर तेवढ्यासाठी सगळ्या वाटेवर जाड रूळ घालावे लागतात आणि खर्च वाढतो. म्हणून इंजिन असो की मालडबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून जास्त भार पडू द्यायचा नाही, पण तेवढा मात्र पुरेपूर वापरायचा, असं त्याने ठरवलं. मग वाराला ३० पौंडांचे हलके रूळ पुरले. लीड्सच्या किटसन कारखान्याने इंजिन घडवलं ते वजन एकमेकांना जोडलेल्या आठ चाकांवर वाटून, मागे आणखी चार चाकं देऊन. रुळांमधलं अंतर अडीच फूट. डबे इकडे पाठवण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले इथे रूळ टाकून ते जाणकारांना चालवून दाखवले. मला हा माणूस आवडतो तो यासाठी, की गरीब मुलखाला परवडेल अशी रेल्वे करताना त्याने ती कमअस्सल केली नाही.

१८९७ साली गाडी बार्शीत आली. १९०६ला पंढरपूर जोडलं गेलं, १९११ला लातूर, १९२७ला मिरज. लातूरची वाट निजामाच्या राज्यातून जाणारी. पांगरी सोडली की बालाघाट चढायचा. चढ सोसेल एवढाच ठेवायचा, तर रूळ डोंगराच्या कुशीकुशीने न्यावे लागतात. आज नजर सुखावणारी घाटाची वळणं या हिशेबातून येतात. येडशीजवळ खोलगटात रामलिंगाचं देऊळ आहे. जटायूची कथा तिथलीच सांगतात. पावसाळ्यात देवळामागे धबधबा कोसळतो आणि भोवतालची झाडी हिरवीगार होते.

१९५४ साली कंपनी सरकारकडे आली. जुन्या मार्गाने जिल्ह्याच्या गावालाच वगळलं होतं. धाराशिवकरांना गाडीसाठी येडशी गाठावी लागे. २००७-०८मध्ये ब्रॉडगेज झाली तेव्हा रूळ धाराशिवकडे वळवले. आमच्यासाठी ही मोठीच गोष्ट.

आणि तेर? तेरणाकाठचं हे गाव म्हणजे जुनं तगर. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर सांगितलंय. साधं कापड आणि तलम मलमल इथून गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई. म्हणजे कापसाने या मुलखातून वाट काढायची रीत कॅलथ्रॉपच्या कितीतरी आधीची. गावात संत गोरोबाकाकांची समाधी आहे. त्रिविक्रमाच्या देवळाचा गाभा मुळात विटांचा बौद्ध चैत्य. मागे जाऊन पाहा, भिंत अर्धगोल वळलेली दिसेल.

सर्वांत जास्त वेळ ठेवावा तो लामतुरे संग्रहालयासाठी. रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावात सापडलेल्या वस्तू जपल्या, त्यातून ते उभं राहिलं. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याच घडणीची दुसरी इटलीत, पॉम्पेईच्या राखेखाली निघाली. ते शहर इसवी सन ७९ मध्ये गाडलं गेलं, त्याआधीच ती मूर्ती समुद्रापार पोचली होती.