शेतीकर्ज-सलोखा आणि त्याचा सार्वजनिक खर्च

थकबाकीदार शेतकरी आणि त्याला कर्ज देणारी बँक, सहकारी सोसायटी किंवा सावकार यांच्यात तिऱ्हाईताच्या मदतीने घडवून आणलेल्या तडजोडीस कर्ज-सलोखा म्हणतात. मध्यस्थाचे शुल्क भरण्याची शेतकऱ्याची ऐपत नसते आणि सावकाराच्या पैशावर काम करणाऱ्या मध्यस्थावर त्याचा विश्वास बसत नाही, म्हणून हा भार सरकारी तिजोरीने उचलणे रास्त ठरते.

१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांत सावकारांची कर्जखते जाळली गेल्यानंतर १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. त्याने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांत सरकारने सलोखाकार नेमण्याची आणि शेतकऱ्यावर दावा लावण्यापूर्वी त्यांचा दाखला घेण्याची तरतूद केली. पुढे मध्य प्रांतात १९३३ च्या कायद्याने कर्ज-सलोखा मंडळे आली. मुंबई इलाख्यात १९३९ च्या कायद्याने नेमलेल्या मंडळांचे काम १९४७ मध्ये न्यायालयांकडे गेले. गोव्यातील डिचोली तालुका तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली असल्याने हे कायदे तेथे लागू नव्हते.

आज डिचोलीच्या शेतकऱ्याला जवळचा मार्ग लोकअदालतीचा आहे. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार तिचा खर्च सार्वजनिक निधीतून होतो, दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरणही तेथे घेता येते आणि प्रलंबित दावा मिटल्यास भरलेले न्यायालयीन शुल्क परत मिळते. पॅनेलपुढे खातेउतारा ठेवून मुद्दल, व्याज व दंडव्याज वेगळे काढले जाते, किती सूट आणि किती हप्ते यावर बोलणी होतात, व उभयपक्षी सह्या झाल्या की निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते. त्यावर अपील नसते. हप्ता चुकल्यास थेट वसुली होऊ शकते, त्यामुळे काजू-सुपारीचे पैसे हाती येण्याचा हंगाम पाहूनच हप्ते बांधणे अगत्याचे असते, आणि नेमके याच ठिकाणी शेतीची जाण असलेला मध्यस्थ लागतो. तडजोड न झाल्यास प्रलंबित दावा न्यायालयाकडे परत जातो.

अमेरिकेत १९८७ च्या कृषी पतपुरवठा कायद्याने राज्यांच्या शेतीविषयक मध्यस्थी कार्यक्रमांना केंद्रीय अनुदान सुरू केले. भारतातील विधिसेवा निधी मात्र सर्व प्रकारच्या वादांसाठी सामाईक असून अधिनियमात शेतीकर्जासाठी वेगळी तरतूद नाही. ही उणीव गोवा शासनाने स्वतंत्र तरतूद करून भरून काढणे आवश्यक आहे.